आज चाव

पोर्वेनीरहून पलीकडे जायचं तर वाऱ्याला विचारावं लागतं.
दोनदा त्याने नाही म्हटलं,
बंदर बंद, फेरी बंद, दोनदा तारीख गेली.
फोनवरची बाई म्हणाली, मग आता ऑगस्ट.
मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा दामीर तीनचा होता.
आता सव्वाचार,
आणि जवळ एकही शब्द नाही.

होते.
अकरा होते. मी लिहून ठेवलेत
कारखान्याच्या हजेरीवहीच्या मागल्या पानावर:
पाणी, पाव, बोट, आजा, नको...
नको दोनदा लिहिलंय,
कारण तो दोन तऱ्हांनी म्हणायचा.
मग एकेक करून निघून गेले,
आमच्या गावातली पोरं जातात तसे,
दिवा चालू ठेवून.

सासू म्हणते, त्याचा बापही उशिराच बोलला.
बाप अजून कुठे बोलतो?
सामनच्या पिंजऱ्यांवर वीस दिवस, घरी दहा,
त्यातले आठ झोपेत.
बालवाडीतली मिर्तामावशी मात्र
दाराशी थांबवून हळूच म्हणाली,
ओरियाना, दाखवून तरी ये.
त्या दिवशी मी तिच्याशी भांडले.
दुसऱ्या दिवशी तिलाच नंबर मागितला.

फेरीच्या रांगेत, पिकअपमध्ये, मांडीवर फॉर्म.
कधीच नाही, कधीकधी, नेहमी:
तीन चौकोन, चौसष्ट प्रश्न.
मूल बोट दाखवून वस्तू मागतं का?
तो माझं मनगट धरतो आणि कपाटापर्यंत नेतो,
मी म्हणजे त्याची सांडशी.
सांडशीसाठी चौकोन नाही.

खोलीत डॉक्टर ओयार्सो जमिनीवर बसल्या,
बाहुली, कप, चमचा, एक लाकडी गाय.
बाहुलीला भूक लागलीय, भरवतोस?
दामीरने बाहुलीचा बूट काढला,
हीटरवर वाळत घातला.
मग दुसरा.
मग गाय आणली, बुटांशेजारी उभी केली,
आणि गप्प बसला, इतका गुणी,
जसं काही आम्ही चुकून आलोय.

तेव्हा मी मनात जे म्हटलं
ते पाद्रीलाही सांगितलं नाही.
म्हटलं, दामीर, चाव.
रोज चावतोस तसा आज चाव.
डोकं आपट फरशीवर, गुरुवारी आपटलंस तसं,
दाराकडे धाव, पाण्याकडे धावतोस तसा,
या बाईंसमोर एकदा,
नाहीतर त्या म्हणतील आई घाबरट आहे
आणि पुन्हा वाऱ्याला विचारत बसावं लागेल.

नाही चावला.

मी बाही वर केली.
डॉक्टरांनी चष्मा लावला, हात उजेडाकडे वळवला.
काय काम करता?
खेकडे सोलते. लाल, काटेरी, मोठे.
मग यातले खेकड्याचे कुठले आणि त्याचे कुठले?
मी दाखवत गेले: हा खेकडा,
हा खेकडा,
हा तो, ईस्टरच्या आदल्या रात्री,
हा तो,
हा... माहीत नाही.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं,
'माहीत नाही'सुद्धा.

निकाल नाही दिला. आणखी दोन भेटी,
कानाची तपासणी, मग अहवाल.
एक शब्द मात्र पेन्सिलीने लिहिला,
मी उलटा वाचला टेबलापलीकडून
आणि वाचलाच नाही असं दाखवलं.
आणखी एक फॉर्म दिला, पोस्टाने पाठवायचा.

परतीच्या फेरीत नवऱ्याचा फोन: काय म्हणाले?
बूट वाळत घातले, मी म्हटलं.
कुणी?
तिकडे वारा होता, इकडेही.

दामीर कठड्याशी, मी त्याच्या टोपीला धरून.
अचानक त्याने दोन्ही कान झाकले.
मी आजूबाजूला पाहिलं, काहीच नव्हतं,
पाणी, दोरखंड, कॉफी पिणारा एक शिपाई.
आणि मग भोंगा वाजला.

फॉर्मच्या शेवटी तीन रिकाम्या ओळी असतात:
आणखी काही सांगायचंय?
मी लिहिलं, त्याला भोंगा आधी कळतो.
दुसऱ्या ओळीवर थेंब पडला, खारा, समुद्राचाच असेल.
तिसरी तशीच ठेवलीय,
ऑक्टोबरपर्यंत.